पूजेच्या तांब्यातलं पाणी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. पोरीला नाही, मठातल्या स्वामींना नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. आता ती नाही म्हणून वही घेऊन बसलो — बगा, इथंच कळतं मी कसला माणूस आहे. ती समोर होती तोवर तोंड उघडलं नाही. आता ऐकायला ती नाही, तर लिहून राहिलो.

चौथी शिकलो आहे. अक्षर मोठं येतं आणि ओळ तिरकी जाते. पण लिहीन ते झालेलंच लिहीन. एवढं तरी.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओसरीत तुरीची डाळ निवडत होतो. म्हणजे ती निवडत होती, मी पेपर वाचत होतो. आमचं पन्नास वर्षं असंच चाललं. तिला अक्षर येत नव्हतं, मला येत होतं. म्हणून वाचायचं मी आणि विचार करायचा तिनं. भिंतीला टेकून बसली होती. टेकून तरी कसली — पाठीची कमान झालेली, भिंतीला नुसते खांदे लागायचे. मान वळत नव्हती. माझ्याकडं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं, जड पेटी सरकवावी तसं. पेपरात बातमी होती, कुठंतरी नवा जिल्हा पाहिजे म्हणून लोक रस्त्यावर बसले होते. मी वाचली. ती म्हणाली,

"लातूर झालं तवा बी असंच वाचलं होतं तुम्ही. कचेरी जवळ येणार म्हणून."

"मग आली न्हवं जवळ?"

"कचेरी आली. पाणी आलं का?"

"तुला सगळ्यात खोट दिसती."

"दिसती ती सांगते. न दिसलेलं सांगायला तुमचा पेपर हाय की."

हसली. एक खडा उचलून माझ्या पेपरावर टाकला. मी चष्मा काढून तिच्याकडं रागानं बघितलं, खोटं खोटं. ती परत सुपात बघायला लागली. बस, एवढंच. दुपारी जेवण झाल्यावर पडते म्हणाली आणि पडली ती उठली नाही.

तिचं नाव महादेवी. माहेर बिलोलीच्या पल्याड, तेलंगणाच्या शिवेला लागून. बोलताना मधेच तेलुगू शब्द यायचे आणि आमच्या गावच्या बायका हसायच्या. आमचं गाव उदगीरकडचं, लहान. शेती नावाला. मी ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. दवंडी देणं, कागद तालुक्याला नेणं, साहेब आला की खुर्ची पुसणं — हे माझं काम. सरकारची सगळ्यात खालची पायरी म्हणा. त्या पायरीवर उभं राहून मला वाटायचं, मी सरकार आहे.

आणि घरात ही. शाळेचं तोंड न पाहिलेली. पण हिला काही सांगितलं की पहिला सवाल ठरलेला — "कोणी सांगितलं ते सोडा. पाहिलं कोणी?" सरपंच म्हणाले असोत, पेपर म्हणो, रेडिओ म्हणो. पुढं पुढं जावई मोबाईल दाखवायचा तेव्हाही तेच. अडाणी बाईनं असं विचारलं की माणसाला राग येतो. मला येत होता. आता कळतं की राग कशाचा होता. तिच्या सवालाला माझ्यापाशी जवाब नव्हता, त्याचा होता.

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या लागलीच पुढची ती वर्षं. जिल्हा नवा आणि दुष्काळ जुनाच. विहिरी आटल्या. टँकर यायचा. टँकरच्या खेपांची वही माझ्याकडं होती. रोज दोन खेपा लिहायच्या, असं मला सांगितलेलं. मी लिहायचो. एक दिवस महादेवीनं मला चुलीमागची भिंत दाखवली. कोळशाच्या रेघा. एका खेपेला एक रेघ, महिनाभराच्या; तीससुद्धा भरत नव्हत्या. "तुमच्या वहीत किती हायत?" म्हणाली. ती शेण आणायला गेली तशी मी ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसून काढली. आल्यावर तिनं भिंत बघितली, माझे काळे हात बघितले. दुसऱ्या दिवशी नवी रेघ ओढली.

हे मी का सांगतोय? कारण पुढचं एकदम झालं असं तुम्हाला वाटू नये. मी आधीपासून पुसणारा होतो.

मग बोराची मशीन आली. नव्या जिल्ह्याकडून आलेली, असं सरपंच म्हणायचे. अख्खा गाव दोन दिवस तिच्याभोवती उभा. धुरळा, आवाज, आणि मग पाणी लागलं. पांढरं, फेसाळलेलं पाणी. लोक नाचले. त्यावर हापसा बसवला, खाली सिमेंटचा ओटा केला. आणि एक नवा साहेब जीपमधून नारळ फोडायला आला. पोरगेला होता, चष्मा लावलेला. पारावर सभा झाली. माणसं पुढं, बायका मागं. साहेबानं शेवटी सवयीनं विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का? असं विचारतात तेव्हा कुणी बोलत नसतं. मी खुर्च्या उचलायला निघालो होतो.

"साहेब, एक विचारायचं हाय."

मागं बघितलं तर महादेवी उभी. कडेवर सुमन, आमची पोरगी, दोन वर्षांची.

"हे पाणी कोणी तपासलं का?"

लोक हसले. ती थांबली नाही. म्हणाली, "माझ्या भावाला पाच लेकरं. थोरल्या दोघांचे दात पांढरे. मग बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावात बोर मारला. त्याच्यामागं जन्मली ती तिघं. त्या तिघांचे दात पिवळे, वरून तांबूस पट्टे. आई तीच, बाप तोच, भाकर तीच. बदललं ते पाणी. माझा चुलता चाळिशीत काठीवर आला. तो बी त्याच बोराचं पितो. सगळ्या बोराचं पाणी तसलं असतं असं मी म्हणत न्हाई. ह्या बोराचं तसलं न्हाई, हे कोणी पाहिलं?"

कुणी शिकवलं होतं तिला हे? कुणी नाही. पाच लेकरांचे दात बघून एकटीनं जुळवलं होतं. पाण्यातल्या त्या क्षाराला फ्लोराईड म्हणतात, तो दात आणि हाडं खातो, हे मला लई वर्षांनी कळलं. तिला नाव माहीत नव्हतं, पण ती त्याच्या दारापर्यंत पोचली होती.

साहेब मात्र हसला नाही. म्हणाला, बाई बरोबर विचारतायत, तपासून घेऊ. आणि सरपंचांना सांगितलं, बाटली पाठवतो, पाणी भरून द्या.

जीप गेली. सरपंच माझ्याकडं वळले. सगळ्यांसमोर म्हणाले, "शिवाप्पा, उद्यापासून तू घरी भाकरी थाप. पंचायतीला बाईला धाड."

झालं. पारावरचे सगळे हसले. माझे कान तापले. आठ-दहा दिवस मी हॉटेलात चहाला गेलो की कुणीतरी उठून जागा द्यायचं — "या, साहेबीणबाईंचे शिपाई आले." मीपण हसायचो. हसून चहा प्यायचो. आणि घरी येऊन तिच्याशी बोलायचो नाही.

"मी तुम्हाला कुठं काय म्हणलं?" ती एकदा म्हणाली. "मी पाण्याला विचारलं."

तिचं खरं होतं. पण मला ते खरं नको होतं. तुम्हाला कधी असं झालं का — घरचं माणूस बरोबर आहे हे आतून कळतं, आणि त्याचाच राग येतो? मला त्या दिवसांत एकच वाटत होतं. ही एकदा चुकावी. एकदा, गावासमोर, चुकावी.

पंचायत समितीतून बाटली आली. पांढरी, जाड झाकणाची, वर कागद चिकटवलेला. तिथल्या बाबूनं मला नीट समजावून दिलं होतं. हापसा आधी बराच वेळ हापसायचा. मग बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. मग काठोकाठ भरायची. झाकण घट्ट. कागदावर गाव आणि ठिकाण लिहायचं. मला सगळं पाठ होतं. विसरलो असं मी म्हणू शकत नाही.

इथं एक सांगितलं पाहिजे. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असतं. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, पूजा करायची. माझ्या बापापासून आमच्या घरी पूजेला पाणी मठाच्या आडाचं. दुष्काळात आडाला कुलूप लागलं होतं, तळाला गुडघाभर पाणी. पण स्वामी रोज सकाळी घरटी एक तांब्या द्यायचे. पूजेपुरतं. ते पाणी गोड होतं. जुनं, वरच्या झऱ्याचं पाणी. सगळ्या गावाला माहीत होतं की त्यात काही वाईट नाही.

त्या सकाळी तालुक्याच्या एस.टी.ला तास होता. घाई होती असं म्हणणार नाही. महादेवी सुमनला घेऊन नदीकडं गेलेली. हापशाचं पाणी ती धुण्या-भांड्याला घ्यायची. प्यायला मात्र कोसभर जाऊन नदीतल्या वाळूत झिरा उकरायची आणि वाटी वाटीनं घागर भरून आणायची. पोरीसाठी. तिचं बघून शेजारची गंगाबाई जायची, अजून चार-पाच बायका जायच्या. बाकी गाव हापशाचं पीत होता. मीसुद्धा.

मी आंघोळ केली. पाटावर बसलो. समोर तांब्या भरलेला. बाजूला पिशवीत बाटली. हापसा घरापासून किती लांब? शंभर पावलं. नसेलच जास्त.

मी बाटली काढली आणि तांब्या तिच्यात ओतला.

झाकण लावलं. कागदावर माझ्या मोठ्या अक्षरात लिहिलं — हापसा, पाराजवळ. आणि तांब्यात राहिले त्या चार थेंबांत पूजा उरकली.

एवढंच. मला कुणी सांगितलं नव्हतं. सरपंच बोलले नव्हते, कुणी दम दिला नव्हता. ह्या देशात असलं काही झालं की वरच्याचा हुकूम होता म्हणायची सोय असते. मला ती सोय नाही. मी माझ्या पाटावर बसून माझ्या हातानं केलं.

मी स्वतःला लई वर्षं सांगत आलो की मला खात्री होती, हापशाचं पाणी चांगलंच असणार. मग कुठलं भरलं ह्यानं काय फरक पडतो. पण खात्री होती तर हापशाचंच का नाही भरलं? शंभर पावलं का नाही गेलो? मला भीती होती. पाणी वाईट निघेल ह्याची नाही — ती बरोबर निघेल ह्याची.

महिना-दीड महिन्यानं कागद आला. पाणी पिण्यास योग्य. मी आधी पारावर वाचून दाखवला, मोठ्यानं, बोटानं ओळ धरून. सरपंचांनी पाठ थोपटली. मग घरी गेलो. ती झिऱ्याचं पाणी गाळत होती. मी उंबऱ्यात उभा राहून कागद वाचला. एक अक्षर खोटं वाचलं नाही. कागदात खोटं नव्हतंच.

तिनं हात पुसले. कागद हातात घेतला. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. शिक्क्यावरनं बोट फिरवलं.

"मशीनवर तपासलं?"

"हाव. मोठी मशीन असती."

"बाटली तुम्ही भरली?"

"मीच भरली."

"हापशाची?"

ती विचारताना माझ्याकडं बघत होती. संशयानं नाही. बगा, हे लक्षात घ्या — अख्ख्या जगाला "पाहिलं कोणी" विचारणारी बाई, मला तसं विचारत नव्हती. ती नुसती हिशेबानं पुढं चालली होती. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. तिसऱ्या पायरीवर मी होतो. आणि मी असलो की तिला बघायची गरज वाटत नव्हती.

"हापशाची," मी म्हणालो.

तिनं कागदाची घडी घालून मला परत दिली. मग म्हणाली, "मग मी चुकले."

तुम्हाला काय वाटतं, मला आनंद झाला? झाला. खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मला भूक चांगली लागली.

पण तिचं तिथं संपलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गंगाबाईकडं गेली. मग ज्या ज्या बायका तिच्यामागं झिऱ्यावर यायच्या त्या सगळ्यांच्या घरी गेली. दारात उभी राहून सांगायची — मी चुकले बायांनो, पाणी तपासलंय, चांगलं हाय, उगं वणवण करू नका. तुमच्या-माझ्यासारखा माणूस चुकला तर गप्प बसतो. ही घरोघर जाऊन आपली चूक सांगत फिरली. जी चूक तिची नव्हतीच.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात सुमन हापशाचं पाणी प्यायला लागली.

पुढं सुमनचे दुधाचे दात पडले आणि नवे आले. मला पहिल्यांदा काही दिसलं नाही. तिला दिसलं. एका सकाळी पोरीला अंगणात घेऊन गेली, हनुवटी धरून तोंड उन्हाकडं केलं, आणि ओठ वर करून लई वेळ बघत राहिली. पोरगी कुरकुर करायला लागली. मी खाटेवर बसलेलो. मला कळलं. ती काय बघते ते मला लांबूनच कळलं.

"कागद आपल्याच हापशाचा होता न्हवं?"

"हाव."

"मग दुसरं काही तरी आसंल," म्हणाली आणि पोरीला सोडलं.

तेव्हा सांगता आलं असतं. झिरा होता, दोन वर्षांनी नदीला पाणी पण आलं होतं, तिची पाठ सरळ होती. डोक्यावर दोन घागरी घेऊन ती वाकत नव्हती. मी सांगितलं असतं तर फार तर काय झालं असतं? ती चार दिवस बोलली नसती. गाव हसला असता. हसण्याला भिऊन मी गप्प बसलो. एकदा नाही, रोज. सकाळी पूजेला बसलो की रोज. देवाला आडाचं पाणी आणि बायकोला हापशाचं.

आणि ती बदलली. हे कुणाला दिसलं नाही, मला दिसलं. चुलीमागं रेघा ओढणं बंद झालं. सभेला जायची, मागं बसायची, उठून यायची. मी चिडवायचो, "काय, आज काही विचारलं न्हाई?" ती म्हणायची, "मला कुठं काय कळतंय." डोळ्यांनी दिसलेलं आणि कागदावर आलेलं जुळत नाही म्हटल्यावर तिनं आपलेच डोळे खोटे धरले. बाईचं डोकं मी असं हळूहळू विझवलं. पेपर ऐकताना तेवढी बोलायची, माझ्यापाशी. तेवढंच उरलं होतं तिच्यात जुनं.

मग पाठ दुखायला लागली. गंगाबाईचे गुडघे धरले. गावात अजून बरीच माणसं काठीवर आली. वय झालं, म्हणायचे लोक. कुणाचं वय? पंचेचाळीस, पन्नास.

लई वर्षांनी जिल्ह्याकडून माणसं आली. पेटी होती त्यांच्याकडं. हापशाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात औषध टाकलं, रंग बघितला, एकमेकांकडं बघितलं. त्याच दिवशी हापशाला लाल रंग मारला. हे पाणी पिऊ नका. महादेवी पारापाशी उभी राहून सगळं बघत होती. घरी आली. पाठीचं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, दाराला धरून बसली.

"मग त्या वेळची मशीन खोटं बोलली," म्हणाली.

मी काय म्हणालो असेन?

"मशीनच ती," मी म्हणालो. "चुकती कधी कधी."

मशीन चुकली नव्हती. मशीननं तिच्यात जे घातलं ते बरोबर सांगितलं होतं. पण मी माझं पाप तिच्यावर टाकलं आणि महादेवीनं ते धरून ठेवलं. तिचा विचार आताही सरळच चालत होता — एकदा मशीनवर भरवसा ठेवला आणि पोरीचे दात गेले, तर आता ठेवणार नाही. त्यात काय चुकलं तिचं?

आणि गाव काय म्हणाला? बायकांना आठवण होती. तूच घरोघर फिरून सांगितलंस ना. गंगाबाई तिच्या तोंडावर म्हणाली, "तुझ्यामुळं पिलो आम्ही." मी ओसरीत होतो, मला ऐकू आलं. महादेवीनं एकदाही म्हटलं नाही की बाटली नवऱ्यानं भरली होती, कागद नवऱ्यानं वाचला होता. म्हणाली, "हाव, मीच सांगितलं होतं. माझं चुकलं." दुसऱ्यांदा माझी चूक तिनं घेतली. दोन्ही वेळेला मी जवळच होतो.

चार वर्षांमागं तिच्या पायाला सूज आली. सुमननं लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासू, मूत्रपिंड बघावं लागेल. चिठ्ठी लिहून दिली. बाकावर आम्ही तिघं. महादेवी म्हणाली, "मी मशीनला रक्त देणार न्हाई."

सुमन रडकुंडीला आली. तोंडावर पदर धरूनच बोलते ती, दातांमुळं, लहानपणापासूनची सवय. "आई, असं काय करती? सगळे करतात."

"सगळे करतात म्हणून मी एकदा केलं हाय."

"अप्पा, तुम्ही सांगा की तिला."

चिठ्ठी माझ्या हातात होती. मी काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. चार शब्द. महादेवी, मशीन खरी होती. एवढं बोललो असतो तर ती उठून आत गेली असती. ओळखून होतो मी तिला. पुरावा दिला की ती हट्ट करत नसे. पण त्या चार शब्दांच्या मागं तांब्या होता, पाट होता, आणि शेजारी पदर धरून बसलेली पोरगी होती.

"तिच्या मनाविरुद्ध नको," मी म्हणालो.

चिठ्ठीची घडी घातली. एस.टी.नं परत आलो. येताना खिडकीशी ती बसली होती आणि शेतातल्या बोरांच्या मशीन मोजत होती, तोंडातल्या तोंडात, तेलुगूत.

ती गेली त्या दुपारीच सुमन उदगीरहून आली. संध्याकाळच्या आत माती द्यायची ठरलं. आमच्यात जाळत नाहीत, खड्ड्यात मांडी घालून बसवतात. मेलेलं माणूस बसत नसतं. चौघं लागतात, पाठ धरावी लागते, गुडघे मोडावे लागतात. मी खड्ड्याच्या काठाशी उभा होतो. माणसं खाली उतरली, तिला घेतलं आणि थांबली. काही करावं लागलं नाही. ती आधीच बसलेली होती. पाठ वाकलेली, गुडघे आखडलेले, मान खाली. स्वामी म्हणाले, पुण्यवान बाई, आपणहून बसली. लोकांनी हात जोडले.

मीही जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं भेटायला आली. ओसरीत सतरंजी टाकली होती. दहा-बारा जण असतील. सरपंच कधीच वारले, त्यांचा पोरगा होता, मठातले स्वामी होते, जावई होता. सुमन दारात बसलेली. काठी टेकत गंगाबाई आली. तिला जोत्यावर चढता येईना, दोघांनी हाताला धरून वर घेतलं. बसल्यावर बराच वेळ नुसती धापा टाकत राहिली. मग बोलायला लागली. महादेवीच्या डोक्याचं कौतुक करत होती. टँकरच्या रेघा तिला आठवत होत्या, साहेबाला भर सभेत विचारलेलं आठवत होतं. म्हणाली, "भावजी, असली हुशार बाई ह्या गावात झाली न्हाई. शाळा शिकली असती तर कलेक्टर झाली असती बाई." सगळे हं हं म्हणाले.

मग तिनं आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले. रागानं नाही. मायेनंच बोलली.

"एकदाच चुकली बिचारी. त्या पाण्याच्या बाबतीत."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सुमननंही बघितलं, पदराआडून. कुणी काही विचारत नव्हतं. माझ्या तोंडातून एक शब्द निघायचा तेवढा अवकाश होता, आणि ती त्या गावात परत बरोबर ठरली असती.

मी मान हलवली.

"हाव," म्हणालो. "एकदाच चुकली."